फक्त रविवारी

सयाजीगंजच्या हॉलमध्ये
पंख्याखालची खुर्ची मिळावी म्हणून
नवाच्या आधीच पोचले.
दोन दिवस बसायचं, चार सह्या करायच्या.
जेवणानंतरची सही महत्त्वाची,
कारण दाळ-ढोकळी खाऊन अर्धा वर्ग पसार होतो.
मग पाच वर्षं घोर नाही:
नोंदणी नवी, भिंतीवरची काच पुसायची,
दांडिया बाजारातलं शटर
पुन्हा माझ्या नावानं वर.

शेजारी जैमिन. वय सत्तावीस.
त्याचं सर्टिफिकेट पादऱ्यात एका दुकानात टांगलेलं,
तो स्वतः मकरपुऱ्यात पंपांचे सुटे भाग विकतो.
"महिन्याचे साडेचार हजार येतात, मासी.
खिळ्याचं भाडं समजायचं."
मी काही बोलले नाही.
चहात बिस्कीट बुडालं होतं, ते बोटानं काढलं.

पडद्यावर नावांच्या जोड्या येतात.
हायड्रॅलाझिन, हायड्रॉक्सीझिन,
एकीचा फ्रॉक दुसरीला घातलेल्या बहिणी,
एक रक्तदाब उतरवते, एक खाज.
वक्ता तरुण आहे, गुजरातीत भराभर बोलतो.
मी आडनावाची टिपणीस,
वही उघडी, आणि टिपण एकही नाही.
कारण पुढची स्लाइड
मेथोट्रेक्सेट.

चौऱ्याण्णव साल.
डॉक्टरांनी लिहिलं होतं, आठवड्यातून एक.
पाकिटावर मी लिहिलं, रोज एक.
माझंच अक्षर, वळणदार,
शाळेत बक्षीस मिळवलेलं.
रात्री हिशेब मांडताना ते अक्षर
आकड्यांच्या मधून वर आलं,
आणि गल्ला तसाच उघडा टाकून
मी लूना काढली.
वाडीत, रंगमहालाच्या मागे,
तीन खडक्या चुकले.
चौथीत इंदुताई रणपिसे
एका हातानं गुडघा, एका हातानं भिंत धरून
दार उघडायला आल्या.
"गोळी घेतलीत?"
"आज अमावास्या ना गं.
उद्यापासून म्हटलं."

फार्माकॉलॉजीत वर्गात पहिली आलेली मी
त्यांच्या उंबऱ्यावर बसले
आणि तांब्याभर पाणी प्यायले.
पाकीट मागून घेतलं, दुसरं लिहिलं:
फक्त रविवारी. खाली दोन रेघा.
"जुनं पाकीट फाटकं होतं," एवढंच सांगितलं.
फाटकं नव्हतं.
इंदुताई त्यानंतर अकरा वर्षं गिऱ्हाईक,
दर दिवाळीला चिरोटे पाठवायच्या,
आणि दर दिवाळीला
मला ते गिळता यायचे नाहीत.

तेव्हापासून प्रत्येकाला विचारते,
आता तुम्ही मला सांगा, कशी घ्यायची?
काही हसतात. घाईतले चिडतात.
एक गृहस्थ म्हणाले, बाई, परीक्षा घेता काय?
हो.

त्या रात्रीचे तास कुठे धरायचे?
फॉर्म उलटून पाहिला. मागची बाजू कोरी.

शेवटी वीस प्रश्न, वीस ओळी गोलांच्या.
सतराव्याचा गोल मी असा रंगवला
की कागदाला भोक पडलं.
जैमिन माझ्या कोपराखालून बघत होता.
"सतरावा, मासी?"
"क" म्हटलं असतं तर संपलं असतं.
पण पादऱ्यात या घटकेला
त्याच्या नावाच्या चौकटीखाली
कुणीतरी पाकिटावर पेन टेकवलं असेल.
"तोंडानं सांग. गोळी कधी घ्यायची?"
तो हसला. मग माझ्याकडे नीट पाहून
हसायचा थांबला.
पर्यवेक्षक दोन रांगा पुढे, पाठमोरे, फोनवर.
"रोज?"
मी त्याचं पेन धरून ठेवलं.
"परत."